आट्यांची तपासणी: गो, नो-गो आणि गेजला न दिसणाऱ्या गोष्टी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भोसरीच्या एमआयडीसीत इन्स्पेक्शन टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. नवीन मुलं कामाला लागली की पहिल्या आठवड्यात तेच तेच प्रश्न येतात. जुन्या सेटरच्या मनातही त्यांतले अर्धे असतात, पण ते विचारत नाहीत. म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. गो म्हणजे चांगल्या जॉबवर जायलाच हवा असा गेज, नो-गो म्हणजे सरळ जाता कामा नये असा; भोकातल्या आट्यांना प्लग, बाहेरच्या आट्यांना रिंग. उदाहरणासाठी सगळीकडे एकच साइझ घेतली आहे: एम१० × १.५ (व्यास १० मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच १.५), आतल्या आट्यांना ६एच आणि बाहेरच्या आट्यांना ६जी, तोही लहान जी. हे टॉलरन्सचे, म्हणजे माप किती कमी-जास्त चालतं त्याचे, क्लास. तुमची साइझ वेगळी असेल तर मेट्रिक आट्यांच्या आयएस ४२१८ या भारतीय मानकाच्या टेबलातून तुमचे आकडे काढा, रीत तीच राहते.

गो पूर्ण गेला, नो-गो अडला. जॉब ओके धरायचा ना?

नाही. टॅप मारलेल्या भोकाची निम्मीच तपासणी झाली.

गो प्लग दोन गोष्टी बघतो. पिच डायमीटर, म्हणजे आटा आणि खाच जिथे सारख्याच रुंद असतात तिथला व्यास, ९.०२६ पेक्षा कमी नाही ना, आणि आट्याच्या मुळाशी बोल्टच्या टोकाला जागा आहे ना. नो-गो एकच गोष्ट बघतो: पिच डायमीटर ९.२०६ च्या वर गेला नाही ना. भोकाचा आतला व्यास, म्हणजे मायनर डायमीटर, या दोघांपैकी कोणीच बघत नाही. त्याची हद्द ८.३७६ ते ८.६७६ आहे आणि ती तपासायला साधा, बिनआट्यांचा प्लग गेज लागतो.

हे मी नुकसान सोसून शिकलो. ब्रॅकेटचा एक लॉट होता. सेकंड शिफ्टला ८.५ चं ड्रिल तुटलं आणि ऑपरेटरने रॅकमधून दुसरं काढून लावलं. ते ९.३ चं होतं, माल न कापता दाबून आटे करणाऱ्या फॉर्म टॅपच्या कामासाठी ठेवलेलं. टॅप मात्र कटिंगचाच होता. सकाळी माझ्यासमोर जॉब आले. गो अगदी मऊ गेला, नो-गो तोंडाशीच थांबला, मी सही केली. चार दिवसांनी गिऱ्हाइकाच्या असेंब्लीवरून फोन आला. टॉर्क रेंच क्लिक व्हायच्या आधीच बोल्ट गरगर फिरत होते. त्यांनी एक बोल्ट पाठवला होता. त्याच्या आट्यांत ब्रॅकेटचे आटे सोलून स्प्रिंगसारखे गुंडाळून आले होते, चकचकीत तारेचं वेटोळं. ८.५ च्या भोकात आट्याची उंची पाऊण मिलिमीटर मिळते, ९.३ च्या भोकात जेमतेम ०.३५. पिच डायमीटर बरोबर असल्यामुळे दोन्ही गेजांनी त्यांचं काम चोख केलं होतं. चूक माझी होती, मी साधा प्लग लावलाच नव्हता.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी साधा प्लग, मग गो, मग नो-गो. ड्रिल बदललं की साधा प्लग, टॅप बदलला की थ्रेड गेज.

बाहेरच्या आट्यांना मग रिंग गेज पुरतं का?

तिथेही तीच गोम आहे, फक्त उलट्या बाजूने. रिंग गेज स्टडचा बाहेरचा व्यास बघत नाही. एम१० ६जी ला तो ९.७३२ ते ९.९६८ हवा. पार्शल प्रोफाइलचा इन्सर्ट वापरत असाल तर तो आट्याचं टोक कापतच नाही, टर्निंगला जो ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, आला तोच राहतो. ओडी ९.६ झाला असला तरी गो रिंग आनंदाने जाईल आणि नो-गो अडेल. मायक्रोमीटर लावा, दहा सेकंदांचं काम आहे. फुल प्रोफाइल इन्सर्ट टोकही घासतो, त्यामुळे तिथे धोका कमी. तरी पहिल्या पीसला मोजलेलं बरं.

गो प्लग लांब आणि नो-गो तोकडा का असतो?

इंग्लंडमध्ये लेस्टरला टेलर, टेलर अँड हॉब्सन ही लेन्स बनवणारी कंपनी होती. तिथल्या विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये गेजचं एक तत्त्व मांडलं. आजचं सगळं लिमिट गेजिंग त्यावर उभं आहे. गो गेज समोरच्या जोडीदारासारखा पूर्ण आकाराचा आणि पूर्ण लांबीचा असावा. पिचची चूक, कोनाची चूक, वाकडेपणा हे सगळं मिळून जोडणीत जे अडथळे येणार, ते त्याने एकदम पकडावेत. नो-गोने मात्र एका वेळी एकच माप बघावं. म्हणून त्याचे आटे मोजके असतात आणि त्यांची टोकं छाटलेली असतात, म्हणजे तो फक्त पिच डायमीटरच्या आसपास टेकतो.

यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. गो गेज अर्ध्यापर्यंत घालून ‘जातोय’ म्हणणं म्हणजे तपासणी न करणं. तो पूर्ण लांबीभर गेला पाहिजे.

गेज किती जोर लावून फिरवायचं?

अंगठा आणि पहिली दोन बोटं, बस. मनगट वापरायला लागलात की तुम्ही गेज लावत नाही, टॅप मारताय. हॅंडलला पाना किंवा पाइप लावलेला दिसला तर तो गेज त्याच क्षणी बाजूला काढा. मऊ अॅल्युमिनियममध्ये जोराने घातलेला गो स्वतःची वाट करून घेतो, आणि पुढच्या वेळी तोच जॉब ‘ओके’ दिसतो.

गेजला हलक्या तेलाचा पुसट थर असावा, विशेषतः स्टेनलेसच्या जॉबवर. तिथे कोरडा गेज चावतो आणि मग निघता निघत नाही. जॉबमधली चिप आणि कूलंट आधी एअर गनने आणि ब्रशने काढा. एका बारीक चिपने गेजच्या फ्लॅंकवर, म्हणजे आट्याच्या तिरक्या बाजूवर, ओरखडा उठला की तो पुढच्या प्रत्येक जॉबवर उमटतो.

नो-गो थोडा आत जातो. किती चालतं?

मेट्रिक आट्यांसाठी आयएसओ १५०२ प्रमाणे नो-गो कोणत्याही टोकाकडून दोन फेऱ्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. अमेरिकन पद्धतीत, म्हणजे युनिफाइड आट्यांच्या एएसएमई बी१.२ मध्ये, तीन फेऱ्यांपर्यंत मुभा आहे. निर्यातीचं काम करणाऱ्या शॉपमध्ये दोन्ही ड्रॉइंग एकाच टेबलावर येतात आणि इथे हमखास गोंधळ होतो. ड्रॉइंगवर कोणतं मानक लिहिलंय ते वाचा, आणि गिऱ्हाइकाने ‘नो-गो अजिबात जाऊ नये’ असं लिहून दिलं असेल तर तेच धरा.

थ्रू होल असेल तर नो-गो दोन्ही बाजूंनी लावा. वरच्या तोंडाला अडलेला नो-गो खालून सर्रास जाताना मी पाहिला आहे.

गो जात नाही. टॅप झिजला असं समजायचं का?

लगेच नाही. गो कुठे अडतो ते आधी बोटांना विचारा, कारण तिथेच बहुतेक उत्तर असतं.

पहिल्याच आट्याला अडत असेल तर बहुधा बर (कडेला उठलेला माल) आहे किंवा चॅम्फर (तोंडाची तिरकी मोडलेली कड) नाही. हाताने काउंटरसिंक फिरवून बर काढा, पुन्हा लावा. यासाठी टॅप बदलून पैसे घालवलेले लोक मला माहीत आहेत. पहिले दोन-तीन आटे मऊ गेला आणि पुढे प्रत्येक फेरीला घट्ट होत गेला, तर पिचमध्ये साचत जाणारी चूक असू शकते किंवा भोक टेपर झालंय. ब्लाइंड होलमध्ये, म्हणजे आरपार नसलेल्या भोकात, दर जॉबला एकाच खोलीवर ठक्कन थांबत असेल तर तळाशी चिप साठली आहे. भोक उलटं करून आपटा, एअर मारा, मग निर्णय घ्या. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच घट्ट असेल, तर मात्र टॅप झिजलाय, किंवा पातळ भिंतीचा जॉब टॅपिंगनंतर आवळून आलाय.

लेथवर कापलेल्या बाहेरच्या आट्यांचं तसंच. गो रिंग सारखीच घट्ट असेल तर एक्स ऑफसेट, म्हणजे टूल व्यासाच्या दिशेने सरकवणारा आकडा, थोडा आत घ्या. ऑफसेट डायमीटरमध्ये असतो, त्यामुळे पिच डायमीटर ०.०५ ने कमी करायचा तर ०.०५ च द्या. पण हे सगळं जॉब चकमध्ये असतानाच. एकदा काढून परत लावला की आट्याची जुनी वाट सापडणं नशिबावर.

आणि नो-गो सरळ आत जात असेल तर?

फक्त तोंडाशी जात असेल तर भोक तोंडाला पसरलंय. टॅप होल्डरमध्ये थरथरतोय किंवा हाताने मारताना सुरुवात वाकडी झाली. पूर्ण आत जात असेल तर टॅपचा क्लास बघा. प्लेटिंगच्या कामासाठी आणलेला ६जी टॅप, मोठ्या जीचा, ६एच च्या डब्यात पडलेला असतो आणि शॅंकवरचं बारीक अक्षर कोणी वाचत नाही. अॅल्युमिनियममध्ये टॅपच्या धारेवर माल चिकटतो, त्यानेही भोक मोठं होतं. अशा वेळी टॅप हातात घेऊन उजेडात बघा, धारेवर पांढरट थर दिसतो.

पिच डायमीटरचा नेमका आकडा हवा आहे. कसा काढायचा?

थ्री वायर पद्धत. तीन सारख्या व्यासाच्या वायर आट्यांच्या खाचांत ठेवायच्या, एका बाजूला दोन, समोर एक, आणि वरून मायक्रोमीटरने माप घ्यायचं. ६० अंशांच्या आट्याला सर्वांत योग्य वायर ०.५७७३५ गुणिले पिच, म्हणजे १.५ पिचला ०.८६६ मिलिमीटर. ती बरोबर पिच लाइनवर टेकते, त्यामुळे कोनातल्या चुकीचा परिणाम जवळपास येत नाही.

हिशेब असा: वायरवरचं माप = पिच डायमीटर + ३ वायर − ०.८६६ × पिच. या वायरला ते पिच डायमीटर अधिक १.२९९ होतं. एम१० ६जी चा पिच डायमीटर ८.८६२ ते ८.९९४ हवा, म्हणून मायक्रोमीटरवर १०.१६१ ते १०.२९३ यायला हवं. मशीनवर एवढे दोनच आकडे खडूने लिहून ठेवा, ऑपरेटरला गणित करायला लावू नका.

पण इथे एक सापळा आहे. वायर फक्त एका जागचा पिच डायमीटर सांगते. पिचमध्ये चूक असेल तर ती वायरला दिसत नाही, नटाला दिसते. जोडणीच्या लांबीत पिच ०.०२ ने चुकला तर बोल्ट समोरच्या नटासाठी त्या चुकीच्या १.७३२ पट, म्हणजे सुमारे ०.०३५ मिलिमीटरने जाड होतो. इथे पूर्ण टॉलरन्सच ०.१३२ आहे. ‘वायरवर ओके पण गो रिंग जात नाही’ असं कोणी म्हणालं की मी आधी लीड, म्हणजे लांबीभर पिच बरोबर आहे का ते, तपासायला सांगतो. गो रिंगचं म्हणणं खरं धरायचं, कारण नट तिच्यासारखा आहे.

प्लेटिंगला जाणाऱ्या जॉबला काय करायचं?

६० अंशांच्या आट्यावर प्लेटिंगचा थर जितका, त्याच्या चौपट पिच डायमीटर वाढतो. कारण थर तिरक्या फ्लॅंकवर बसतो, आणि दोन्ही बाजूंच्या फ्लॅंकवर बसतो. आठ मायक्रॉन झिंक म्हणजे ३२ मायक्रॉन वाढ. एम१० ६जी ला बेसिक, म्हणजे मूळ मापापासून, खाली मिळालेली सूट बरोबर ३२ मायक्रॉनच आहे. म्हणजे आठ मायक्रॉनपर्यंत थर बसतो, त्यापुढे जागा नाही.

म्हणून वेगळं काही लिहिलेलं नसेल तर प्लेटिंगच्या आधी ६जी च्या गेजने तपासा, नंतर ६एच शी जुळणाऱ्या बाहेरच्या गेजने, म्हणजे लहान एचच्या गो रिंगने. प्लेटिंगनंतर जुनीच ६जी ची गो रिंग लावून चांगला लॉट रिजेक्ट करणं ही फार नेहमीची चूक आहे आणि प्लेटिंगवाल्याशी भांडण इथूनच सुरू होतं. दुसरीकडे, टोकांना थर मधल्या भागापेक्षा जास्त चढतो. स्टड टोकालाच अडतोय आणि मध्ये मोकळा आहे असं वाटलं तर थर मोजायला सांगा.

ब्लाइंड होलमध्ये पूर्ण आटे किती खोल आहेत हे कसं तपासायचं?

गो प्लग हाताने थांबेपर्यंत घाला. फेऱ्या मोजून पिचने गुणता येतं, १३ फेऱ्या म्हणजे साडेएकोणीस, पण पहिली फेरी कुठून धरायची यावर मतभेद होतात. त्यापेक्षा गेजच्या आट्यांच्या भागाची लांबी आधी नोंदवून ठेवा. गेज आत बसलेला असताना बाहेर उरलेली लांबी डेप्थ व्हर्नियरने मोजा आणि वजा करा. काउंटरसिंकची खोली वेगळी धरा. ड्रॉइंगवर २० पूर्ण आट्यांची खोली आहे की २० ड्रिलची, हे आधी डोळ्यांनी दोनदा वाचा.

फॉर्म टॅपने केलेल्या आट्याच्या टोकाला मध्ये चीर दिसते. क्रॅक आहे का?

नाही. फॉर्म टॅप माल कापत नाही, दाबून वर चढवतो. दोन्ही बाजूंनी वर आलेला माल टोकाला पूर्ण मिळत नाही, त्याची ती खाच. मायनर डायमीटर हद्दीत असेल तर रिजेक्ट करू नका.

अर्धा इंची फिटिंग थोडं फिरतं पण गळतं. गेज मात्र बरोबर होता.

गेज कोणत्या जातीचा होता ते बघा. एनपीटी (अमेरिकन) आणि बीएसपीटी (ब्रिटिश) या पाइपच्या आट्यांच्या दोन जाती. दोन्हींचा टेपर १ ला १६, आणि अर्ध्या व पाऊण इंचाला दोन्हींत इंचाला १४ आटे. म्हणून एकमेकांत दोन-तीन फेऱ्या सहज फिरतात. पण एनपीटीचा कोन ६० अंश, बीएसपीटीचा व्हिटवर्थचा ५५ अंश. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, दाबाखाली गळणारच. एक इंचाला मात्र फरक लगेच कळतो, एनपीटीला साडेअकरा आटे आणि बीएसपीला ११.

टेपर आट्याला गो-नो-गो नसतं. एनपीटीचा प्लग हाताने घट्ट बसेपर्यंत फिरवायचा आणि त्याची खूण जॉबच्या तोंडाशी एक फेरी इकडेतिकडे आली की पास.

मशीनवरून काढलेला जॉब लगेच तपासला तर चालतं का?

एम१० ला फारसा फरक पडत नाही. मोठ्या साइझला पडतो. एम६० चा अॅल्युमिनियमचा जॉब ४५ अंशांवर असेल तर २० अंशांच्या तुलनेत सुमारे ०.०३४ मिलिमीटरने मोठा असतो. गरम असताना मऊ गेलेला गो थंड झाल्यावर जात नाही. त्याहून वाईट म्हणजे गेज आत ठेवून चहाला गेलात तर जॉब थंड होऊन त्याला धरून बसतो. जॉब आणि गेज एकाच टेबलावर काही वेळ पडू द्या.

आमच्याकडे पास, गिऱ्हाइकाकडे फेल. कोण बरोबर?

दोघेही असू शकतात. गेजलाही बनवण्याची टॉलरन्स आणि झीज असते. त्यामुळे दोन्ही प्रमाणित गेज काही मायक्रॉनने वेगळे असतात आणि हद्दीच्या काठावरचा जॉब एकाला आवडतो, दुसऱ्याला नाही. ईमेलवर वाद घालण्यापेक्षा तोच जॉब, दोन्ही गेज आणि दोन्हींची एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं एका टेबलावर ठेवा, आणि एकाच माणसाने दोन्ही लावून बघावेत. बरेचदा उत्तर तिथेच मिळतं: एकाने जोर लावला होता.

शॉपमधली जुनी रीत चांगली आहे. नवा गो मशीनवर द्यायचा आणि थोडा झिजलेला, पण हद्दीतला, फायनल इन्स्पेक्शनला. झिजलेला गो प्लग बारीक झालेला असतो, म्हणून तो जास्त सोपा जातो. मशीनवरच्या कडक गेजने पास झालेला जॉब मग आपल्याच फायनलला अडत नाही. आणि मुळात सेटिंग हद्दीच्या मध्यावर ठेवा, काठावर उत्पादन चालवू नका.

गेज झिजलंय किंवा खराब झालंय हे कसं ओळखायचं?

गो झिजतो, कारण तो प्रत्येक चांगल्या जॉबमध्ये घासत जातो. पहिले दोन-तीन आटे आधी जातात, तेही नखाने चाचपून कळण्याआधी. म्हणून फक्त दिसण्यावर भरवसा नको. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन हे कमीत कमी. बीडाच्या कास्टिंगवर रोज वापर असेल तर तीन महिन्यांनी. रिंगसाठी वेअर चेक प्लग ठेवा, तो आत गेला की रिंग बाद. अॅडजस्टेबल रिंगचा स्क्रू सेटिंग प्लगवर जमवून वर लाखेने सील केलेला असतो. ते सील फुटलेलं दिसलं तर कोणी हात लावला हे शोधत बसू नका, आधी ती रिंग टेबलावरून काढा.

गेज हातातून जमिनीवर पडलं. वापरू का?

नको. लाल टॅग लावा, दुसरं गेज घ्या आणि पडलेलं कॅलिब्रेशनला पाठवा. आट्याच्या टोकाला आलेला बारीक उंचवटा डोळ्यांना दिसत नाही, पण गो त्यामुळे अडतो, आणि पुढचा चांगला जॉब रिवर्कला जातो. कॅलिब्रेशनमध्ये गेज फेल निघालं, तर ते शेवटचं चांगलं कधी ठरलं होतं ती तारीख रजिस्टरमध्ये बघा. तिथपासून त्याने पास केलेले जे लॉट अजून स्टोअरमध्ये आहेत ते थांबवा आणि चांगल्या गेजने पुन्हा तपासा. जे बाहेर गेले त्यांची यादी काढून गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कळवा.